भरपाई मुलाच्या श्रमातून व्हावी

महोदय,

मे २०२४ मधील पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर अल्पवयीन आरोपीला जामीन देताना घातलेली ३०० शब्दांच्या निबंधाची अट सर्वांच्या लक्षात राहिली. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १८ ची चर्चा मात्र तेवढी झाली नाही. या कलमानुसार बाल न्याय मंडळ दोषी मुलाला समाजसेवेचा आदेश देऊ शकते, त्याला किंवा पालकांना दंड करू शकते. पण पीडिताच्या भरपाईचा त्यात उल्लेखही नाही. वडिलांनी चेक फाडला की मुलाला झळ बसत नाही, आणि गरिबाघरी दंडासाठी कर्ज काढावे लागते. त्यापेक्षा विशेष गृहात (दोषी मुलांना ठेवण्याच्या सुधारगृहात) सुतारकाम वा शिवणकाम शिकणाऱ्या सोळा वर्षांवरील मुलाला, कामगार कायदे पाळून, रीतसर मजुरी द्यावी आणि तिचा ठरावीक वाटा, त्याच्या गुन्ह्यातील पीडितापर्यंत, उदाहरणार्थ, त्याने मोबाइल हिसकावलेल्या भाजीवालीपर्यंत पोहोचवावा. राज्य शासनाने तशी नियमदुरुस्ती तातडीने करावी.

– एक वाचक, पुणे