विश्वातील आपले स्थान शिकवताना पुरावाही शिकवावा : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

सूर्य हा अब्जावधी ताऱ्यांपैकी एक असून आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे दूर आहे, हे विधान मुले पाठ करतात आणि परीक्षेत उतरवून गुण मिळवतात. मात्र हे कोणी आणि कसे मोजले, हे त्यांना बहुधा कोणी विचारत नाही. पृथ्वी केंद्रस्थानी आहे असे एकेकाळी वडीलधारे सांगत म्हणून मानले जाई. ती तिथे नाही, हे केवळ पुस्तक सांगते म्हणून मानायचे असेल, तर विद्यार्थ्याच्या विचार करण्याच्या पद्धतीत काय बदलले?

पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणारा कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अज्ञानापोटी त्याला विरोध झाला, ही आपण सांगतो ती गोष्ट अर्धवट आहे. टायको ब्राहे या अत्यंत काटेकोर निरीक्षकाचा आक्षेप रास्त होता : पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल, तर सहा महिन्यांच्या अंतराने पाहिल्यावर जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत सरकलेले दिसायला हवेत, आणि ते तसे दिसत नव्हते. तारे कल्पनेपलीकडे दूर असल्यामुळे हे सरकणे डोळ्यांना जाणवत नव्हते. फ्रीडरिश बेसेल यांनी हंस तारकासमूहातील एका मंद ताऱ्याबाबत ते मोजून १८३८ मध्ये जाहीर केले, तेव्हा ते एका अंशाच्या पाच हजाराव्या भागाहूनही कमी भरले. तो तारा सुमारे ११ प्रकाशवर्षांवर आहे. हात लांब करून धरलेले बोट आलटून पालटून एकेका डोळ्याने पाहिले, की ते मागच्या भिंतीवर सरकल्यासारखे दिसते. तत्त्व हेच आहे आणि ते दाखवायला प्रयोगशाळा लागत नाही.

आणखी दूरच्या अंतरांसाठी हेन्रिएटा लेव्हिट यांचे काम उपयोगी पडले. काही रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारे, तारे जितके तेजस्वी, तितका त्यांच्या उजळण्या-मंदावण्याचा काळ मोठा, हे त्यांनी १९१२ मध्ये दाखवले. म्हणजे हा काळ मोजला की ताऱ्याचे खरे तेज कळते आणि ते दिसणाऱ्या तेजाशी ताडून त्याचे अंतर काढता येते. ऑक्टोबर १९२३ मध्ये अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीतून घेतलेल्या देवयानीच्या छायाचित्राच्या काचेवर एडविन हबल यांनी एका ठिपक्याजवळची नवताऱ्याची (एकाएकी उजळणाऱ्या ताऱ्याची) 'एन' ही खूण खोडून 'व्हीएआर!', म्हणजे रूपविकारी, असे लिहिले. त्या ठिपक्यावरून अंतर काढता आल्यामुळे देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा वेगळा प्रचंड समूह, ठरली. हबल यांनी काढलेले अंतर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे होते. आज ते सुमारे २५ लाख मानले जाते, कारण असे तारे दोन प्रकारचे असतात हे पुढे वॉल्टर बाडे यांच्या संशोधनातून उमगले. आकडा बदलला, तरी निष्कर्ष टिकला. पाठ्यपुस्तके नेमकी ही दुरुस्ती गाळतात, आणि माझ्या मते मुलांना सांगण्याजोगा भाग तोच आहे.

म्हणून विनंती अशी, की अभ्यासक्रमाच्या पुढील फेररचनेत ही मोजमापे आकृत्यांसह यावीत आणि 'किती दूर?' याबरोबरच 'हे कशावरून ठरले?' असाही प्रश्न गुणांसह विचारला जावा. त्यासाठी जागा हवी असेल, तर ग्रहांच्या उपग्रहांची संख्या पाठ करण्याचा भाग कमी करावा. नवे उपग्रह सापडत असल्याने ती तशीही जुनी होत असते. शिक्षकांच्या प्रशिक्षणातही या प्रयोगांना वेळ द्यावा, कारण आमच्यापैकी अनेकांनी हे आकडे पाठच केले होते.

आपला नम्र,
एक विज्ञान शिक्षक