घरात पिकलेल्या टोमॅटोवर राग कशासाठी?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात अलीकडे एका वाचकाने बाजारातल्या टोमॅटोविषयी लिहिताना असे मत मांडले होते, की झाडावर लाल झालेला तोच खरा टोमॅटो आणि तोडल्यानंतर खोक्यात रंग धरणारा तो फसवणुकीचा माल. बाजारातला टोमॅटो बेचव लागतो ही त्यांची तक्रार मला मान्य आहे. त्यांनी दिलेले कारण मात्र पटत नाही, आणि ते का पटत नाही हे सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. माझे माहेर निफाड तालुक्यातले, त्यामुळे टोमॅटोचा तोडा, कॅरेट आणि पिंपळगावचा बाजार या गोष्टी लहानपणापासून पाहिलेल्या. गेली अनेक वर्षे मात्र मी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात राहते. येथे परसात लावलेले टोमॅटो आम्ही नाताळाच्या सुमारापर्यंत खातो, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात खाल्लेला त्यातला प्रत्येक टोमॅटो घरात पिकलेला असतो.

न्यू जर्सी हे टोमॅटोसाठी नावाजलेले राज्य आहे. येथील रटगर्स विद्यापीठाने 1934 साली प्रसारित केलेले त्याच नावाचे वाण एके काळी कारखान्यांच्या सूप आणि रसासाठी मोठ्या प्रमाणावर लावले जात असे आणि आजही परसबागेत हौसेने लावले जाते. रोपे मे महिन्याच्या मध्यानंतर बाहेर लावायची, जुलैअखेर पहिली फळे घ्यायची आणि ऑगस्टभर शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटत सुटायचे, असा येथील साधारण क्रम असतो. अडचण येते ती ऑक्टोबरात. त्या महिन्याच्या उत्तरार्धात एखाद्या निरभ्र रात्री दंव गोठते आणि सकाळी उन्हे वर येईपर्यंत पाने काळी पडून लोंबू लागतात. ज्या फळांना ही गोठण लागली ती पाणचट होतात आणि टिकत नाहीत. त्या वेळी वेलीवर हिरवी, न पिकलेली फळे भरपूर असतात. ती टाकून द्यायची की घरात आणायची, एवढाच प्रश्न उरतो.

शहाणा माणूस या प्रश्नाची तयारी सप्टेंबरच्या सुरुवातीलाच करतो. फूल धरल्यापासून फळ पूर्ण पोसायला साधारण सहा आठवडे लागतात, त्यामुळे त्यानंतर आलेल्या फुलांचा येथे काही उपयोग नसतो. ती फुले आणि वेलीचे शेंडे खुडून टाकले की झाडाची ताकद आहे त्या फळांकडे वळते. पुढे हवामान खात्याने दंवाचा इशारा दिला की आदल्या दिवशी, फळे कोरडी असताना, तोडणी करायची. काही लोक झाड मुळासकट उपटून तळघरात उलटे टांगतात. तसे केल्यानेही फळे पिकतात, पण जागा फार अडते आणि जमिनीवर पानांचा चुरा पडत राहतो, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

कोणते फळ घरात पिकेल आणि कोणते नाही, हे ओळखणे हाच या कामातला खरा जाणकारीचा भाग आहे. नुसता आकार पाहून चालत नाही. पोसलेल्या हिरव्या टोमॅटोचा गडदपणा कमी होऊन त्यावर किंचित पांढुरकी झाक येते, साल तुकतुकीत होते आणि देठाच्या विरुद्ध टोकाला फिकट चांदणी उमटते. खात्री करायची असेल तर त्यातले एक फळ धारदार सुरीने आडवे कापावे. आतल्या कप्प्यांत बुळबुळीत गर तयार झाला असेल आणि बिया सुरीखाली न चिरता बाजूला सरकत असतील, तर त्या आकाराची आणि रंगाची बाकीची फळे पिकणार असे समजावे. आतला भाग घट्ट असेल आणि सुरीने बियाही चिरल्या जात असतील, तर तसली फळे मऊ पडतील, सुरकुततील, पण त्यांना टोमॅटोची चव येणार नाही. ती सरळ चटणीसाठी बाजूला काढावीत. करपा आलेल्या झाडाची फळे वरून धडधाकट दिसली तरी घरात आणू नयेत, कारण काही दिवसांत त्यांवर तपकिरी डाग पसरतात आणि शेजारच्या चांगल्या फळांचेही नुकसान होते.

निवडलेली फळे धुवून पूर्ण कोरडी करायची, देठ काढून टाकायचे म्हणजे ते दुसऱ्या फळाला टोचत नाहीत, आणि उथळ खोक्यात एकाच थरात, एकमेकांना न चिकटतील अशी मांडायची. मी प्रत्येक फळ वर्तमानपत्राच्या कागदात सैल गुंडाळते. (आपले दैनिक मी संगणकावर वाचते, त्यामुळे या कामी नाइलाजाने येथील इंग्रजी वर्तमानपत्र घ्यावे लागते.) खोकी तळघरात ठेवायची आणि आठवड्यातून किमान एकदा प्रत्येक पुडी उलगडून पाहायची. ज्यावर गुलाबी छटा आली ते फळ वर स्वयंपाकघरात आणायचे, ज्याला डाग पडला ते काढून टाकायचे. अंधारात फळ पिकते का, असे मला येथील पाहुणेही विचारतात. खिडकीत उन्हाला मांडलेले टोमॅटो दिसायला सुरेख दिसतात, पण तोडलेल्या फळाला पिकण्यासाठी उजेडाची गरज नसते. उन्हाने त्याची एक बाजू तापते आणि ते सगळीकडून सारखे पिकत नाही.

आपल्याकडे आंब्याची आढी घालतात तिचे तत्त्व यापेक्षा वेगळे नाही. तयार झालेला पण हिरवा आंबा झाडावरून उतरवून गवतात पिकवला, म्हणून त्याला कोणी नकली म्हणत नाही; उलट आढीतला आंबा म्हणून कौतुकाने खातो. टोमॅटो, आंबा, केळे, सफरचंद ही फळे पोसली गेली की स्वतःच इथिलीन नावाचा वायू तयार करू लागतात आणि त्याच्याच प्रभावाने रंग बदलणे, मऊ होणे, वास येणे या क्रिया सुरू होतात. म्हणूनच एक पिकलेले केळे किंवा सफरचंद खोक्यात ठेवले की सगळा खोका लवकर रंग धरतो, आणि फळे हळूहळू हवी असतील तर पिकलेले फळ तेथून वेळीच हलवावे लागते.

या सगळ्याची खरी किल्ली आहे ती तापमानाची. सुमारे 20 अंश सेल्सिअसला पूर्ण पोसलेला हिरवा टोमॅटो साधारण दोन आठवड्यांत लाल होतो. 13-14 अंशांना त्यालाच जवळपास महिना लागतो. आमचे तळघर ऑक्टोबर-नोव्हेंबरात गार असते आणि स्वयंपाकघर उबदार, त्यामुळे थोडी खोकी वर, बाकीची खाली अशी व्यवस्था ठेवली की सगळा माल एकदम पिकून अंगावर येत नाही. 10 अंशांच्या खाली मात्र काही दिवस गेले की फळ बिघडते. ते पुढे उबेत आणले तरी नीट रंगत नाही, पिठूळ लागते आणि त्यावर खड्डे पडतात. येथे नोव्हेंबरअखेर मोटारीच्या गॅरेजमध्ये टोमॅटो ठेवण्यात अर्थ नाही तो याच कारणाने. निफाडची डिसेंबरातली कडाक्याची थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना वेगळे सांगायला नको, की त्या दिवसांत झाडावरचा टोमॅटोही रंग धरायला फार वेळ लावतो. दुसऱ्या टोकाला, तापमान 30 अंशांच्या वर राहिले की टोमॅटोत लाल रंगद्रव्य तयार होणे जवळपास थांबते आणि पिवळसर-नारिंगी तेवढे उरते. विदर्भात मे महिन्यात टोपलीतले टोमॅटो पिवळटच राहिले तर त्याचा दोष विक्रेत्याच्या रसायनाला देण्याआधी स्वयंपाकघरातल्या उकाड्याकडे पाहावे.

फ्रिजबद्दलही येथेच सांगितले पाहिजे, कारण बाजारातल्या बेचवपणाशी त्याचा थेट संबंध आहे. टोमॅटोची चव केवळ साखर आणि आंबटपणा यांतून येत नाही. वासाची अनेक द्रव्ये त्यात असतात. 2016 साली फ्लोरिडा आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की पिकलेला टोमॅटो आठवडाभर 5 अंशांना ठेवला तर साखर आणि आम्ले फारशी बदलत नाहीत, पण वासाची द्रव्ये घटतात आणि फळ पुन्हा उबेत आणल्यावरही ती पुरती भरून येत नाहीत. अगदी पिकून गेलेले फळ एक-दोन दिवस वाचवण्यासाठी फ्रिजमध्ये ठेवणे समजण्यासारखे आहे. हिरवे किंवा अर्धे रंगलेले फळ तेथे ठेवणे म्हणजे ते हाताने बेचव करणे होय.

आता चवीविषयी प्रामाणिकपणे. डिसेंबरात तळघरातून आलेला टोमॅटो हा ऑगस्टमध्ये वेलीवरून तोडून बांधावरच खाल्लेला टोमॅटो नव्हे. झाडापासून तुटल्यावर त्याला नवी साखर मिळत नाही, त्यामुळे हिरवाच तोडलेला टोमॅटो गोडीला कमी राहतो. पण ज्या फळावर तोडताना गुलाबी छटा येऊ लागली होती ते घरात पिकल्यावर वेलीवरच्या फळाच्या इतके जवळ जाते, की कोशिंबिरीत दोघांतला फरक सांगणे कठीण. आणि त्याची तुलना ऑगस्टच्या फळाशी करायचीच कशाला? त्या दिवसांत येथील दुकानात मिळतो तो मुख्यतः फ्लोरिडातून किंवा मेक्सिकोतून आलेला माल. फ्लोरिडातला बराचसा टोमॅटो हिरवा तोडून बंद खोल्यांत इथिलीन देऊन रंगवला जातो. वायू तोच, जो माझ्या खोक्यातली फळे स्वतः सोडतात. तरीही तो माल फिका लागतो, कारण त्यातली काही फळे पुरती पोसण्याआधीच तोडलेली असतात, वाण चवीपेक्षा दूरचा प्रवास सोसण्यासाठी निवडलेले असते आणि वाटेत बहुधा गारठाही लागलेला असतो. दोष इथिलीनचा नव्हे, घाईचा आहे.

हा फरक आपल्याकडेही लक्षात घ्यायला हवा. फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास भारतात बंदी आहे, आणि ती योग्यच आहे, कारण त्या पुडीत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. नियंत्रित प्रमाणात इथिलीन वायू देऊन फळे पिकवण्यास मात्र अन्नसुरक्षा प्राधिकरणाची परवानगी आहे. या दोन गोष्टींना 'केमिकल' या एकाच शब्दाखाली कोंबले, तर खरा गुन्हेगार निसटतो आणि सरळपणे व्यवसाय करणाऱ्यावर विनाकारण संशय घेतला जातो. आमच्या गावाकडचा शेतकरी जवळच्या बाजारासाठी लालसर आणि उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीसाठी नुकता रंग धरू लागलेला टोमॅटो तोडतो, त्यामागे लबाडी नाही. पूर्ण पिकलेले फळ कॅरेटमध्ये दोन दिवसांचा प्रवास सोसत नाही, एवढेच साधे कारण आहे.

पिकवण्यासोबत टिकवण्याचीही परंपरा आहेच. इटलीत नेपल्सजवळ व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उतारांवर पिकणारे छोटे टोमॅटो घडांनी दोरीवर बांधून हवेशीर जागी टांगतात आणि ते हिवाळाभर वापरतात. त्यांना 2009 साली युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकनही मिळाले. स्पेनमध्ये कातालोनिया आणि मयोर्का बेटावर अशाच टांगायच्या टोमॅटोची स्वतंत्र वाणे आहेत, आणि तो टोमॅटो पावावर चोळून खाणे हा तेथील रोजचा प्रकार आहे.

मुंबई-पुण्यातल्या वाचकांना तळघर नसते आणि दंवाची धास्तीही नसते. त्यांनी एवढे जरूर करून पाहावे, की भाजीवाल्याकडून सगळेच टोमॅटो लालभडक घेण्याऐवजी निम्मे फिकट गुलाबी मागून घ्यावेत, ते फ्रिजबाहेर हवेशीर जागी एका थरात, देठाची बाजू खाली करून ठेवावेत आणि जसजसे पिकतील तसतसे वापरावेत. हिवाळ्यात तर आपल्याकडच्या खोलीचे तापमान टोमॅटोला अगदी मानवेल असे असते. यामुळे भाव कोसळल्यावर शेतकऱ्याला मिळणारा दर वाढेल असा दावा मी करणार नाही. मूठभर घरांच्या टोपल्यांनी बाजार हलत नाही. भाजीवाल्याकडचा दबलेला, फुटलेला माल मात्र थोडा कमी होईल.

शेवटी न पिकणाऱ्या हिरव्या फळांविषयी. त्यांच्या फोडी तेलात हिंग, जिरे आणि हिरव्या मिरचीवर झाकण ठेवून मऊ होईपर्यंत शिजवाव्यात, भाजलेले तीळ आणि शेंगदाण्याचे कूट घालून, गुळाचा लहानसा खडा आणि मीठ टाकून जाडसर वाटाव्यात. भाकरीबरोबर ही चटणी इतकी चांगली लागते, की आमच्या घरी आता काही फळे पिकण्याची वाट न पाहताच त्यासाठी पळवली जातात.

आपली,
एक नियमित वाचक, न्यू जर्सी