लायसन्सवरची तारीख

चि. समीर,
अनेक उत्तम आशीर्वाद.

"लायसन्स काय, पन्नाशीपर्यंत चालतं," असं तू परवा फोनवर म्हणालास. चालत नाही. तू काढलंस तेव्हाचा नियम होता वीस वर्षं किंवा वयाची पन्नाशी, यातलं जे आधी येईल ते. तुझं मे २००७ चं, म्हणजे ते मे २०२७ ला संपतं आणि तेव्हा तू अडतीसचा असशील. अठरा-एकोणीसच्या वयात लायसन्स काढलेली तुझी सगळी बॅच याच घोळात सापडणार आहे. अर्धं वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहिलं, वीस वर्षांचं विसरले.

२०१९ ला मोटार वाहन कायदा बदलला. आता तिशीच्या आत काढलं तर चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नासमध्ये काढलं किंवा रिन्यू केलं तर दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्नमध्ये साठीपर्यंत आणि त्यापुढे पाच-पाच वर्षं. जुन्या कार्डावर मात्र जी तारीख छापली आहे तीच धरायची. कार्ड काढून बघ. 'एनटी'समोरची तारीख खासगी गाड्यांची, 'टीआर'समोरची व्यावसायिक वाहनांची. तुला पहिलीशीच कर्तव्य आहे. इश्यू डेट मोठ्या अक्षरात असते, घाईत लोक तीच वाचतात.

पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवसांची सवलत मिळायची. त्याच दुरुस्तीत ती गेली. आता आज मुदत संपली की उद्या सकाळी तू विनापरवाना. कलम १८१ खाली ५००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर चालवायला दिली म्हणून कलम १८० खाली मालकालाही तेवढंच. म्हणजे बाबांची गाडी तू नेलीस तर दोघांची पावती फाटेल.

पण दंडाचं मला एवढं वाटत नाही, पाच हजार भरून माणूस मोकळा होतो. खरी भीती विम्याची आहे. मुदत संपलेली असताना तुझ्या हातून कोणाला धडक बसली आणि प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेलं, तर न्यायाधिकरण बहुतेक वेळा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि मग ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. स्वर्ण सिंग प्रकरणात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ही वाट घालून दिली. जखमी माणसाचे पैसे बुडू नयेत म्हणून ती योग्यच आहे. पण ही रक्कम लाखांत असते आणि वसुलीची नोटीस घरी येते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम तर सरळ नाकारतात, कारण पॉलिसीतच अट असते की चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स हवं. नंतर रिन्यू करून मधले दिवस भरून निघत नाहीत, कारण नवं लायसन्स रिन्यू केल्याच्या तारखेपासून लागू होतं, जुनं संपल्याच्या तारखेपासून नाही.

म्हणूनच फार आधीही धावू नकोस. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून अर्ज घेतात, पण तेव्हा केलास तर दहा वर्षं तेव्हापासून मोजली जातील आणि हातातले महिने फुकट जातील. मार्चमध्ये कर. काही अडलं तर दुरुस्तीला दोन महिने हाताशी राहतात.

अर्ज परिवहनच्या 'सारथी' पोर्टलवर. राज्य महाराष्ट्र निवड, मग लायसन्स सेवा, मग नंबर आणि जन्मतारीख. इथेच निम्मे लोक अडकतात. जुन्या कार्डावर नंबर तिरप्या रेघा देऊन आणि अपुऱ्या आकड्यांनी छापलेला असतो. पोर्टलला राज्य, आरटीओ, चार आकडी वर्ष आणि पुढे पूर्ण सात आकडे लागतात. शेवटचा भाग ४५६७८ असेल तर आधी दोन शून्यं लावून ००४५६७८ कर. एवढं करूनही नोंद सापडली नाही तर ती संगणकावर चढलेलीच नाही असं समज. मग मूळ कार्ड घेऊन, जिथून लायसन्स काढलं त्या पुण्याच्याच आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागेल. नाशिकला बसून ते होणार नाही. म्हणून नंबर टाकून बघायचं काम आजच कर, अर्ज नंतर केलास तरी चालेल.

नोंद सापडली तर आधार ओटीपीने घरबसल्या होतं. आधारला चालू मोबाईल जोडलेला हवा आणि नाव, जन्मतारीख दोन्हीकडे जुळायला हवी. तब्येतीचं स्वयंघोषणापत्र तुला पुरेल. चाळिशीनंतर डॉक्टरांचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १-ए, लागतं, त्यामुळे पुढच्या खेपेला तो खटाटोप आहेच. रिन्यूअलसोबतच पत्ता बदलाची सेवाही निवड. नाहीतर कार्ड स्पीड पोस्टाने आपल्या पुण्याच्या जुन्या फ्लॅटवर जाईल, दार बंद दिसल्यावर आरटीओकडे परत येईल आणि ओळखपत्र दाखवून तूच ते सोडवून आणशील. रिन्यूअलचे २०० आणि कार्डाचे २०० रुपये. उशीर केलास तर वर प्रत्येक वर्षाचे, वर्षाच्या तुकड्याचेसुद्धा, हजार. आणि मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट, म्हणजे या वयात दुचाकीवर आठचा आकडा. एजंटाला हजार-दोन हजार द्यायचं यात काहीही कारण नाही.

अर्जाची पावती म्हणजे लायसन्स नव्हे. मंजुरी मिळाली की डिजिलॉकरमध्ये कागद नव्याने ओढून घे, नाहीतर तिथे जुनीच तारीख दिसत राहते. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स पोलिसांना मान्य करावं लागतं. गॅलरीतला कार्डाचा फोटो नाही.

मुदत शिल्लक असतानाही लायसन्स हातचं जाऊ शकतं. हेल्मेट नसेल किंवा ट्रिपल सीट असेल तर कायद्यात दंडासोबत तीन महिन्यांची अपात्रताही लिहिलेली आहे. त्या काळात गाडी चालवताना सापडलास तर कलम १८२ चे १०,००० रुपये. आणि ताईचा ओंकार सुट्टीत आला की त्याला बुलेटची किल्ली देऊ नकोस, कितीही लाडीगोडी लावली तरी. सोळा वर्षांच्या मुलाने चालवली तर मालकाला किंवा पालकाला २५,००० रुपये आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

सूनबाईचं कार्डही बघ. तिचं लायसन्स माहेरच्या नावावर आणि आधार सासरच्या, असं असेल तर ओटीपीची वाट तिला बंद. आधी विवाह प्रमाणपत्र जोडून नावबदल, मग रिन्यूअल. तिची तारीख कोणती आहे ते मला कळव.

तुझी,
आई