खोडलेलं प्रश्नचिन्ह

प्रिय पक्या,

दोन वर्षं झाली तुला एक ओळ लिहिली नाही, फोनही केला नाही, त्याबद्दल शिव्या घालायच्या असतील तर शेवटी घाल, आधी वाच. आई बरी आहे, माझी शुगर काबूत आहे. झालं.

परवा एका मुलीचा मेल आला. पीएचडी करतेय, सह्याद्रीतले झुडपांवरचे छोटे बेडूक कुठे कुठे सापडतात त्याचा नकाशा बनवतेय. विचारलंय, "ताम्हिणी, जुलै २००५, फिलॉटस बाँबेएन्सिस, ही नोंद तुमची ना? ओळख कशावरून पटवली होती?" आपली ती चेकलिस्ट रे, झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटलेली, ती फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचली. मी उत्साहात माळ्यावरनं निळी वही काढली. पान सापडलं. आणि पक्या, मला रात्रभर झोप लागली नाही.

त्या नोंदीपुढे तू पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं होतंस आणि मी ते खोडरबरने खोडलं होतं. वही दिव्याखाली तिरकी धरली की अजून दिसतं, कागदात रुतलेलं. तू केवढं दाबून लिहायचास!

आठवतंय ना? २६ जुलैच्या आधीचा आठवडा, तंबू गळत होता, तू मांडीवर टॉर्च धरून तिसऱ्यांदा तेच म्हणत होतास, हा आवाज बसत नाही, आंबोलीला ऐकला तो हा नाही. आणि मी काय म्हणालो होतो? अरे नावातच मुंबई आहे, ताम्हिणीत नाही तर काय मद्रासला असणार? सगळे हसले, तू गप्प झालास, दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. मला वाटलं चहा संपवला म्हणून रागावलास.

नावातली मुंबई म्हणजे काय हे मी तेव्हा बघितलंच नव्हतं. ॲनंडेल या प्राणिशास्त्रज्ञाने १९१९ साली वर्णन केलं ते कॅसलरॉकच्या बेडकाचं. कॅसलरॉक म्हणजे लोंढ्याहून गोव्याकडे उतरताना लागतं ते स्टेशन, आज कर्नाटकात. तेव्हा उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात होता म्हणून बेडूक बाँबेएन्सिस. शहराशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्या जागेपासून ताम्हिणी तीनशे किलोमीटरच्या वर उत्तरेला, आणि तेवढं अंतर मी एका विनोदावर पार केलं.

आता नावं पण बदललीत म्हणा. आधी इक्सॅलस, मग आपल्या काळात फिलॉटस, आणि २०१० साली बिजू वगैरे संशोधकांनी बेडूकतज्ज्ञ नारायण रावांच्या नावाने राओर्केस्टिस ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) वेगळी केली, त्यात हा गेला. ते ठीक, नाव बदललं तरी बेडूक तोच राहतो. खरी गोष्ट पुढे आहे. २०१३ ला पाध्ये सर आणि मंडळींनी महाराष्ट्रातल्या घाटातनं राओर्केस्टिस घाटेई ही नवीन जात मांडली, आपल्या पुण्याच्या घाटे सरांच्या नावाने. मी तो पेपर तेव्हाच वाचला होता, कौतुकाने चार जणांना पाठवलाही होता, पण वही उघडली नाही. त्यात नराची एक खूण दिलीय, दंडाच्या हाडावर काटा. आता आपल्या पानावर, प्रश्नचिन्हाच्या खाली, तुझ्या अक्षरात काय आहे बघ: "नर, अंगठ्याच्या पेराएवढा. हातात धरला तर दंडाला आतून काहीतरी टोचतं."

मी लगेच हा घाटेईच असं म्हणत नाहीये, एकदा तोंडघशी पडलोय ते पुरे. २००३ मध्ये कर्नाटकातनं वर्णन झालेली ट्यूबरोह्यूमेरस ही पण एक जात आहे, तिच्या तर नावातच दंडावरचा उंचवटा आहे. पण बाँबेएन्सिस हे नाव मी ज्या जोरावर लिहिलं तो जोर खोटा होता, एवढं नक्की.

तू म्हणशील एका ठिपक्याने काय होतंय. होतं रे. या बेडकांना पाण्यात मोकळं पोहणारं शेपटीवालं पिल्लू (टॅडपोल) नसतं, अंड्यातनं थेट नखाएवढा बेडूक बाहेर पडतो. म्हणून त्यांना डबकं लागत नाही, पण ओल लागते, आणि मधला कोरडा पट्टा ओलांडून जाणं जमत नाही. डोंगर बदलला की जात बदलू शकते ती त्यामुळेच. अशा बेडकाच्या नकाशावर उत्तरेला एक चुकीचा ठिपका पडला की त्याचा पसारा कागदावर एकदम ऐसपैस दिसतो. रेड लिस्टमध्ये, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत, पसारा ५,००० चौरस किलोमीटरच्या आत आहे की २०,००० च्या, यावर संकटग्रस्त की असुरक्षित हे ठरायला लागतं, बाकीच्या अटी असतातच, पण सुरुवात तिथनं. म्हणजे तिकडे कॅसलरॉकच्या बाजूला झाडी तुटत असेल तर कुणीतरी म्हणणार, काळजी नको, हा तर ताम्हिणीपर्यंत आहे. कशावरून? माझ्या खोडरबरवरून. आणि इकडचा जो कोण आहे तो इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावाखाली बसून राहिला.

तिला काल उत्तर लिहिलं. नोंद चुकीची धरा, फक्त राओर्केस्टिस लिहा, जात अनिश्चित, आणि शंका पहिल्याच रात्री माझ्या मित्राने घेतली होती, ती मी खोडली. पानाचा फोटो पण पाठवला, तिरक्या उजेडातला.

आता तुझ्याकडे काम. त्या रात्री तू वॉकमनवर आवाज टेप केला होतास. अर्ध्या कॅसेटवर तुझंच घोरणं असणार, बेडूक बिचारे मध्येमध्ये, पण ती मुलगी म्हणते आवाज मिळाला तर बरंच काही जुळवून बघता येईल. वहिनींनी घर बदलताना टाकली नसेल ना रे? पट्ट्याचं खोकं, त्यात शोध. बुरशी लागली असली तरी पुसू नकोस, तशीच कुरियर कर.

पिंकीची दहावी झाली ना, काय घेतलं पुढे? नवीन साहेब बरा आहे का? सविस्तर लिही.

कॅसेट सापडली तर रात्री कितीही वाजता फोन कर.

तुझा,
बाळ्या