बाबांचं बीपी आणि मिठाचा हिशेब

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर बाबा म्हणाले, "वरून मीठ घेणं कधीच सोडलंय, तरी बीपी चढतंच कसं?" उत्तर जरा लांब आहे, म्हणून लिहूनच पाठवते.

बाबा, मिठातलं सोडियम अंगात पाणी धरून ठेवतं. रक्ताचं प्रमाण वाढतं, रक्तवाहिन्यांवर ताण येतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. वर्षानुवर्षं हेच चाललं की हृदयाचे स्नायू जाड होतात. वयाबरोबर रक्तवाहिन्याही ताठर होतात, त्यामुळे तरुणपणी खपून गेलेलं मीठ आता बाधतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. तेवढ्याने एक लहान चमचाही भरत नाही! त्यातच ब्रेड, बिस्किटं, सॉस, तयार सूप यांतलं मीठही धरायचं. तुमचं मीठ तिथूनच येत असणार, असं मला वाटतं. पाकिटावर सोडियमचा आकडा असतो; त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं.

आई, आता तुझ्यासाठी. १९९७ साली अमेरिकेत बीपी उतरवणाऱ्या 'डॅश' नावाच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मीठ कमी केलंच नव्हतं. फळं, भाज्या, कमी चरबीचं दूध वाढवलं आणि चरबी कमी केली, एवढंच. ज्यांना बीपी होतं त्यांचा वरचा आकडा नेहमीचं जेवणाऱ्यांपेक्षा सरासरी ११ ने जास्त उतरला. फरक दोन आठवड्यांतच दिसू लागला! भाज्या-फळांतलं पोटॅशियम मूत्रपिंडांना सोडियम बाहेर टाकायला मदत करतं. तेव्हा बाबांच्या ताटात भाजी दुप्पट वाढ. ओट्स आणि डाळीही असू देत, त्यांतल्या तंतूंनी वाईट कोलेस्टेरॉल उतरतं. मीठ मात्र हळूहळू कमी कर, जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात. एकदम अळणी केलंस तर बाबा जेवणारच नाहीत.

एका गोष्टीची मला खरंच काळजी वाटते. 'कमी सोडियमचं' मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि बाबांच्या बीपीच्या गोळीने, टेल्मिसार्टननेही रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. आणि बाबा, आकडा उतरला म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची नाही. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीवर टेकवा, हात छातीच्या पातळीला ठेवा. सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहा आणि रविवारी मला वाचून दाखवा.

तुमची,
लेक