प्रवेशाची पुरवणी दिवाळीनंतर काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीच्या निकालानंतर तुम्ही काढलेली प्रवेश पुरवणी मी दोनदा वाचली. कोणत्या शाखेला मागणी आहे, कोणत्या कॉलेजचा कटऑफ कुठं थांबला, सगळं नीट दिलं आहे. पण जून-जुलैत माझ्या टेबलासमोर जी माणसं येऊन उभी राहतात, त्यांचं घोडं कटऑफवर अडत नाही. ते कागदावर अडतं. म्हणून हे पत्र.

दारव्ह्याला तहसीलच्या रस्त्यावर माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. लोक अजून त्याला सेतूच म्हणतात. बारा वर्षं झाली. आमच्याकडं मृग लागला की पेरणी आणि प्रवेश एकाच वेळी सुरू होतात. बाप सकाळी सोयाबीन पेरून, पायाच्या चिखलासकट दुपारी येतो, कॅरीबॅगेतले कागद टेबलावर ओततो आणि म्हणतो, "ताई, पोरीचा नंबर लागला जी, तेवढे दाखले काढून द्या." मी बघते तर नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचं प्रमाणपत्र, ३१ मार्चलाच संपलेलं. जातीचा दाखला आहे, पण व्हॅलिडिटी, म्हणजे तो दाखला जात पडताळणी समितीनं तपासून खरा ठरवल्याचं प्रमाणपत्र, विचारली की बाप पोरीकडं बघतो आणि पोरगी माझ्याकडं. कॉलेजात हजर व्हायला तीन दिवस उरलेले असतात. उत्पन्नाचा दाखला, त्यावरून नॉन-क्रिमीलेअर, त्यासाठी साहेबांची डिजिटल सही, आणि त्यात सर्व्हर बंद. त्या वेळी त्या माणसाला काय सांगावं हे बारा वर्षांनंतरही मला सुचत नाही.

मी स्वतः त्या पोरीच्या जागी उभी राहिलेली आहे. २००८ साली मी बारावी झाले. सीईटीत बरे गुण पडले आणि अमरावतीला इंजिनिअरिंगची जागा ओबीसीतून मिळाली. व्हॅलिडिटी नव्हती. वर्षभर आधी वडील एका कार्यालयात विचारायला गेले होते, तेव्हा त्यांना सांगितलं होतं, "आधी नंबर तर लागू द्या, मग बघू." नंबर लागला, आणि मग पुरावा शोधायला सुरुवात झाली. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, जातीची नोंद असलेला कागद लागतो. वडिलांची टीसी त्यानंतरची. आजोबा शाळेत गेलेच नव्हते, तर दाखल खारीज, म्हणजे शाळेच्या रजिस्टरचा उतारा, कुठून येणार? शेवटी तहसीलच्या अभिलेख कक्षात गावाचं कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचं जुनं रजिस्टर, निघालं. लाल फडक्यात बांधलेलं, पानं इतकी जीर्ण की पलटवताना कडा हातात यायच्या. त्यात १९३८ सालची एक जन्माची नोंद होती. बापाच्या रकान्यात माझ्या पणजोबांचं नाव, पुढं जात आणि मूल या रकान्यात फक्त 'मुलगी'. ती माझ्या आजोबांची थोरली बहीण. तिचं नावही कुणी लिहिलं नव्हतं, पण त्या एका ओळीवर माझी व्हॅलिडिटी झाली. फक्त ती हातात पडली तेव्हा मुदत संपून सात आठवडे झाले होते. माझा अर्ज खुल्या प्रवर्गात गेला, तिथं गुण कमी पडले. मी तालुक्याला बीएस्सी केलं. त्या नोंदीची नक्कल आजही माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. कुणी "ते काय असते?" विचारलं की मी बोट ठेवून दाखवते.

म्हणून अकरावीत मूल गेलेल्या प्रत्येक घराला माझं सांगणं आहे: दिवाळीची सुट्टी कागदांसाठी धरा. तेव्हा सोयाबीन निघालेलं असतं आणि कार्यालयात गर्दी नसते. पहिल्यांदा घरात, भावकीत कुणाकडं व्हॅलिडिटी आहे का ते विचारा. सख्ख्या काकाची किंवा चुलतभावाची निघाली तर तुमचं निम्मं काम झालं. नसेल तर आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ-बहिणी यांची वंशावळ कागदावर मांडा आणि प्रत्येक नावापुढं लिहा की हा माणूस कोणत्या शाळेत गेला, कोणत्या गावात जन्मला. शाळेत गेलेल्यांचं दाखल खारीज काढा, न गेलेल्यांसाठी कोतवाल बुक बघा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० आणि विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ या तारखांच्या आधीचे पुरावे धरतात. मग कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या सही-शिक्क्यानं जात पडताळणी समितीकडं अर्ज करा. अलीकडं काही वर्षी नुसत्या पावतीवर प्रवेश देऊन पुढं मुदत दिली गेली हे खरं आहे. पण मुदत मिळेल हे धरून चालू नका. मिळाली तरी ते सहा महिने पोराचं लक्ष अभ्यासात नसतं, फाईलकडं असतं.

नावांचंही एकदा बघून घ्या. मार्कशीटवर 'प्रल्हाद' आणि आधारवर 'पल्हाद' असलेला बाप माझ्याकडं दर आठवड्याला येतो. हे दुरुस्त करायला ऑगस्टात जमत नाही, आधी जमतं. शिष्यवृत्तीचंही तसंच. महाडीबीटीचे, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे, पैसे आधार जोडलेल्या खात्यात जातात. पोरानं शाळेत असताना एक खातं काढलेलं असतं, नंतर आणखी एका बँकेत आधार दिलेलं असतं, आणि पैसे भलत्याच खात्यात पडून राहतात. ज्याचा मोबाईल नंबरही आता बंद असतो.

आता ऑप्शन फॉर्म, म्हणजे पसंतीची कॉलेजं क्रमानं लिहायचा फॉर्म. आमच्याकडं एक समज घट्ट बसला आहे: "मोठं कॉलेज वर टाकलं तं लहानंही हातचं जाते." असं होत नाही. यादी गुणवत्तेनं वरून खाली चालते. तुमची पहिली पसंती मिळाली नाही तर दुसरी बघितली जाते, दुसरी नाही तर तिसरी, आणि वरचं मागितलं म्हणून खालची जागा कुणी काढून घेत नाही. उलट भीतीपोटी नको असलेलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं आणि पहिल्या फेरीत तेच मिळालं, तर जागा तिथंच पक्की होते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. मागच्या वर्षी एक मुलगा माझ्यासमोर बसून रडला. त्याला हवं ते कॉलेज त्याच्याहून कमी गुणांच्या मित्राला मिळालं होतं, आणि यानं ते चौथ्या क्रमांकावर लिहिलं होतं. फॉर्म पोरांनी स्वतः भरावा. केंद्रावर येऊन भरला तरी क्रम घरून, आईबापासमोर बसून, कागदावर लिहून आणावा. पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही देऊ नये, मलासुद्धा.

हे इतकं बजावून सांगते कारण निकालाच्या आठवड्यात गावात चारचाकी येते. चांगले बोलणारे दोघे-तिघे असतात. "फी नाही, होस्टेल देतो, फक्त ओरिजिनल मार्कशीट द्या, डायरेक्ट ॲडमिशन करून टाकतो" म्हणतात. मूळ मार्कशीट देऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्येच कॉलेजांना सांगितलं आहे की मूळ प्रमाणपत्रं पडताळून परत द्यायची, ठेवून घ्यायची नाहीत. टीसी मात्र कॉलेजं जमा करून घेतात, तिच्या साक्षांकित प्रती आधी काढून ठेवा. आणि मुलींच्या आईबापांनी हे नक्की लक्षात घ्यावं: २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार पूर्ण भरतं. पण ते कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, घेतलेल्या प्रवेशाला. मॅनेजमेंटच्या किंवा कॉलेज पातळीवरच्या जागेला ते लागू नाही. म्हणजे 'डायरेक्ट' जागा घेऊन पोरगी आपला हक्क घालवून बसते. बाकीच्या फिया, मेस, प्रवास हा खर्च उरतोच, तो आधी लेखी विचारून घ्या. होस्टेल मिळालं नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयम्, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. त्यातल्या शेवटच्या योजनेसाठी अल्पभूधारकाचा दाखला लागतो, तोही दिवाळीतच काढा.

बीए, बीएस्सीला जाणाऱ्यांना एवढंच सांगेन की कॉलेज बघायला मधल्या वारी, अकराच्या सुमारास जा. वर्ग चालू आहे का बघा, प्रयोगशाळा उघडून मागा. 'तिथं हजेरीचं टेन्शन नाही' हे आमच्याकडं कॉलेजचं कौतुक म्हणून सांगतात, त्याचा मला फार त्रास होतो. आता चार वर्षांचा, क्रेडिटचा अभ्यासक्रम आला आहे. जो मेजर, म्हणजे मुख्य, विषय घ्याल त्याला शिकवणारा माणूस तिथं आहे का, हे विचारणं तुमचा हक्क आहे.

आणि प्रवेश झाल्यावर? माझी भाची २०२३ मध्ये अमरावतीला इंजिनिअरिंगला गेली. माझी हुकलेली जागा तिला मिळाली असं मला वाटलं, पेढे मीच वाटले. तिच्याबरोबर जवसाची चटणी दिली, नवी गादी दिली. ऑक्टोबरात तिचा फोन आला, आवाज अगदी बारीक. "मावशी, रूमवर मी मले-तुले म्हणू का मला-तुला?" कुणीतरी हसलं होतं. मी म्हटलं, तुझ्या तोंडात जे येते ते म्हण. पण ती महिनाभर बोललीच नाही. वर्गातही नाही. सर इंग्रजीतून गणित शिकवत, समजलं नाही तरी हिचा हात वर जात नसे. पहिल्या सेमिस्टरला गणित राहिलं. घरात लगेच सुरू झालं, पोरीले वापस आणा, लग्नाचं बघा. एटीकेटी म्हणजे नापास होऊन घरी येणं नव्हे, राहिलेला विषय पुढं शिकता शिकता पुन्हा देता येतो, हे तिच्या बापाला समजवायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

तिला सावरलं धारणीच्या एका मुलीनं. तिच्या घरची बोली कोरकू. मराठी तिची दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. ती सरांना बेधडक विचारायची. दोघी रात्री जेवण झालं की मेसच्याच टेबलावर जुने पेपर घेऊन बसायच्या, एकीनं एक ओळ सोडवायची आणि ती का तशी आली ते आपल्या बोलीत मोठ्यानं दुसरीला सांगायचं. पुढच्या खेपेला भाचीचं गणित निघालं. आता ती 'मले'च म्हणते.

रॅगिंग झालं तर सोसू नका. आपल्या राज्यात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे आणि १८००-१८०-५५२२ हा देशभराचा मोफत क्रमांक आहे. पोरं गाव सोडताना हा नंबर आईच्याही मोबाईलमध्ये घालून द्या.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी कॉलेजांच्या जाहिरातींची पुरवणी जूनमध्ये काढाच, पण त्याआधी नोव्हेंबरमध्ये कागदांचं एक पान काढा. उपविभागीय कार्यालयांनी अकरावीच्या मुलांसाठी त्याच महिन्यात गावोगावी शिबिरं घ्यावीत, कोतवाल बुकांची पानं पार गळून पडण्याआधी स्कॅन करावीत, हेही तुमच्या पेपरातून मांडा. जागा देत असाल तर कागदांची यादी मी लिहून पाठवते. दिग्रस आणि नेरच्या केंद्रचालकांकडून ती आधी तपासूनही घेईन.

आपली,
एक सेवा केंद्रचालक,
दारव्हा, जि. यवतमाळ