सी विंगच्या गच्चीवरील उष्णतारोधक काम आणि त्याचा खर्च

दि. ९ मार्च २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
खारघर, नवी मुंबई.

विषय : गच्चीवरील वॉटरप्रूफिंगसोबत उष्णतारोधक थर टाकण्याचा खर्च सोसायटीच्या निधीतून करण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात नोटीस बोर्डावर लागलेल्या इतिवृत्तात एक ओळ आहे : "वरच्या मजल्यावरील उष्णतेचा त्रास ही वैयक्तिक बाब असून संबंधित सभासदांनी स्वखर्चाने उपाययोजना करावी." हे पत्र त्या ओळीला उत्तर आहे. आजवर मी तोंडी सांगितलं, तक्रार पुस्तकात लिहिलं, सभेत हात वर करून माझी पाळी येईपर्यंत थांबले. कुणावर आवाज चढवला नाही, मेंटेनन्सचा एक हप्ता थकवला नाही. सी विंगमध्ये कुणालाही विचारा. पण त्या ओळीनंतर गप्प बसणं शक्य नाही.

आम्ही सातव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. आमच्या डोक्यावर पाच इंची स्लॅब आहे, त्यावर जुना कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा थर) आणि त्यावर थेट आभाळ. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत हा स्लॅब दिवसभर तापतो आणि ऊन उतरलं की साठवलेली उष्णता खाली सोडू लागतो. त्यामुळे आमच्याकडे सगळ्यात वाईट वेळ दुपारची नसते, रात्री आठ ते बाराची असते. खालच्या मजल्यांवर लोक खिडक्या उघडून वारा घेत असतात तेव्हा आमचा पंखा छतालगतची गरम हवा अंगावर ढकलत असतो. गेल्या मे महिन्यात रात्री ट्यूबलाइट बदलताना माझ्या मुलाने छताला हात टेकवला, तर ताप भरलेल्या माणसाच्या कपाळाला हात लावल्यावर लागावं तसं ते गरम लागलं. स्वयंपाकघराच्या माळ्यावर आम्ही पूर्वी देवगडच्या आंब्यांची आढी लावायचो. आता लावत नाही, कारण चार दिवसांत निम्मी फळं देठाकडून काळी पडतात. सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत. उन्हाळाभर त्यांची पाठ घामोळ्यांनी भरलेली असते आणि रात्री त्या ओला पंचा अंगावर घेऊन बसून राहतात.

"एसी लावा," असं मला सांगण्यात आलं. एसी आहे. छत तापलेलं असताना त्याचा कॉम्प्रेसर थांबतच नाही, आणि तीनशे युनिटच्या वर गेलं की महावितरणचा दर कसा चढतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय वीज गेली की काय करायचं? १६ एप्रिल २०२३ रोजी याच खारघरच्या मैदानावर उन्हात बसलेली माणसं उष्माघाताने दगावली. त्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर प्रत्येकाने हळहळ व्यक्त केली होती. उन्हाने माणूस जातो, हे या गावात तरी पटवून द्यावं लागू नये.

गेल्या सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मी हा विषय मांडला तेव्हा ए-१०२ चे सभासद उठून म्हणाले, "वरचा मजला स्वस्तात पडला म्हणून घेतलात, मग ऊनही तुमचंच." काही जण हसले. अध्यक्ष महोदय, आपण त्यांना थांबवलं नाहीत. वस्तुस्थिती अशी की बिल्डरने आमच्याकडून फ्लोअर राइज लावून खालच्यांपेक्षा जास्त दर घेतला होता. पावती माझ्याकडे आहे, हवी तेव्हा दाखवते. याच गृहस्थांनी नंतर मला लिफ्टजवळ थर्माकोलच्या शीट छताला चिकटवण्याचा सल्ला दिला. पंख्याच्या आणि दिव्यांच्या वायरिंगशेजारी साधा थर्माकोल लावणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

आता नियमांचं बोलू, कारण सचिव प्रत्येक वेळी नियम विचारतात. सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आदर्श उपविधींत, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, दिलेली आहे. तिच्यात गच्ची व पॅरापेट भिंती, म्हणजे गच्चीचे कठडे, आहेत, सगळ्या सदनिकांच्या छतांची संरचनात्मक दुरुस्ती आहे आणि गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्यावरच्या छताचं प्लास्टर खराब झालं तर तेही आहे. सचिवांचं म्हणणं, यात उष्णतेचा उल्लेख नाही. यादीत गच्ची आहे, तेवढं मला पुरेसं आहे. गच्ची माझी नाही. तिच्यावर मी एक कुंडीसुद्धा ठेवलेली नाही (बी विंगच्या बाजूला कोणाच्या कुंड्या आहेत ते समितीला माहीत आहे). लिफ्टचा खर्च सगळ्यांनी सारखा द्यायचा, कुणी वापरो अथवा न वापरो, हेही उपविधींतच आहे. त्यामुळे ए-१०२ ची मंडळी जिन्याने ये-जा करूनही लिफ्टचे पैसे भरतात, आणि ते योग्यच आहे. बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि पाव टक्का सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम) सातव्या मजल्यावरचे आम्हीही भरतो. त्या पैशांतून तळमजल्यावरची ड्रेनेज लाइन बदलली तेव्हा आमच्यापैकी कुणीही, हा खालच्यांचा वैयक्तिक प्रश्न आहे, असं म्हटलं नाही.

आणि मोबाइल टॉवर. तो बरोबर आमच्या बेडरूमच्या वर आहे. त्याचं भाडं सोसायटीच्या खात्यात जमा होतं, म्हणजे चौऱ्याऐंशी घरांचं होतं. टॉवरच्या पायासाठी कोबा फोडला, तिथलं वॉटरप्रूफिंग नीट जोडलं गेलं नाही आणि पहिल्याच पावसात आमच्या भिंतीला ओल आली. गच्चीचं उत्पन्न सगळ्यांचं असेल, तर गच्चीचा खर्चही सगळ्यांचाच असला पाहिजे. यावर समितीकडून मला आजपर्यंत उत्तर मिळालेलं नाही.

हा प्रश्न फक्त आमच्या घामाचाही नाही. दिवसा तापून प्रसरण पावणारा आणि रात्री आकुंचन पावणारा स्लॅब पॅरापेटच्या सांध्यात फाटतो. आपल्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये सी विंगच्या गच्चीवरच्या भेगा नोंदवल्या आहेत आणि पॅरापेटच्या कडेचा वाटा, म्हणजे गच्ची आणि कठडा यांच्या सांध्यातला सिमेंटचा गोलसर पट्टा, सुटल्याचंही लिहिलंय. पाणी तिथूनच आत जातं. आत गेलेलं पाणी सळई गंजवतं, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट सुटतं. उष्णतारोधक थर स्लॅबच्या वरून टाकला तर स्लॅबच फारसा तापत नाही आणि वॉटरप्रूफिंगही जास्त टिकतं. हाच थर खालून, म्हणजे माझ्या खोलीत फॉल्स सीलिंग करून आणि त्यात रॉकवूल (दगडापासून केलेले लोकरीसारखे तंतू) भरून बसवला, तर माझी खोली थोडी निवेल, पण स्लॅब पूर्वीसारखाच भाजत राहील आणि गळती आतल्या आत लपून बसेल. पीओपीचा तुकडा खाली पडेपर्यंत कळणारही नाही. आधीच साडेनऊ फुटांची उंची, त्यातली अर्धा-पाऊण फूट उंची आणखी जाईल. म्हणूनच "स्वखर्चाने फॉल्स सीलिंग करा" हे उत्तर मला मान्य नाही. ते इमारतीच्याही हिताचं नाही.

काय करायचं याचा अभ्यास मी केला आहे, कारण समितीने केलेला दिसत नाही. मी ठेकेदारांकडून कोटेशन घेतली, एका स्ट्रक्चरल इंजिनिअरशी बोलले, सगळे कागद जोडत आहे. सगळ्यात स्वस्त काम म्हणजे पांढरा परावर्तक लेप, ज्याला कूल रूफ पेंट म्हणतात. मला मिळालेला दर चौरस फुटाला तीस ते पन्नास रुपये आहे. नवा असताना तो बरंचसं ऊन परतवून लावतो. पण आपल्याकडे टेकडीच्या बाजूने येणारी धूळ बसली की त्याचा गुण कमी होतो, म्हणजे उन्हाळ्यात तो धुवावा लागेल आणि तीन-चार वर्षांनी पुन्हा मारावा लागेल. भेगांवर नुसता लेप मारून उपयोग नाही. चुना-फेव्हिकॉलचा हात त्याहून स्वस्त, पण पहिल्या पावसात वाहून जातो. ब्रिकबॅट कोबा पुन्हा एकावर एक चढवणं इंजिनिअरने साफ नाकारलं, कारण त्याचं ओझं स्लॅबवर येतं. आधीचा काढूनच नवा करावा लागतो.

टिकाऊ उपाय एकच आहे. जुना कोबा काढायचा, भेगा भरायच्या, वॉटरप्रूफिंग करायचं, पाणी साठवून चाचणी घ्यायची आणि मगच त्यावर एक्सपीएसचे, म्हणजे एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरिनचे दोन इंची बोर्ड टाकून वर जाळीचा काँक्रीट थर आणि पांढऱ्या टाइल्स किंवा चायना मोझॅक. या बोर्डांच्या पेशी बंद असतात, म्हणून पाणी जवळजवळ शिरत नाही. ग्लासवूल किंवा रॉकवूल गच्चीवर उघड्यावर चालत नाही, कारण इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि भिजलेलं वूल उष्णता अडवत नाही. दोन इंची एक्सपीएस जेवढी उष्णता अडवतं तेवढी अडवायला सुमारे आठ फूट जाडीचा काँक्रीट लागेल, हे मी सभेत सांगत होते तेव्हा वेळ संपल्याचं जाहीर करण्यात आलं. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ च्या इको निवास संहितेत नव्या निवासी इमारतींच्या छतासाठी उष्णता वाहून नेण्याची कमाल मर्यादा घालून दिली आहे. आत-बाहेरच्या तापमानातल्या एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमागे तो आकडा १.२ वॅट आहे, आणि आपल्यासारख्या उघड्या स्लॅबचा तीनच्या वर असतो. आपली इमारत जुनी असल्याने ही संहिता बंधनकारक नाही, हे मला माहीत आहे. पण सरकार नव्या घरांत ज्याला किमान समजतं, ते आम्ही मागितलं तर चैन कशी ठरते?

एक्सपीएसच्या पूर्ण कामाचा दर चौरस फुटाला दोनशेच्या घरात जातो, वर जीएसटी. रक्कम मोठी आहे, मी नाकारत नाही. पण गेटवरच्या ग्रॅनाइटच्या कमानीला खर्च झाला तेव्हा "एकदाच होतोय" असं सांगण्यात आलं होतं. त्या कमानीखाली कुणी राहत नाही. क्लब हाऊसमध्ये एसी बसवताना तो तिथे कधीमधी बसणाऱ्यांचा वैयक्तिक खर्च मानला नाही. इतकंच कशाला, गेल्या वर्षी बी विंगच्या ओपन पार्किंगवर पत्रा टाकला तो गाड्यांचे रंग उन्हाने उडतात म्हणून. तो ठराव एका बैठकीत मंजूर झाला. गाडीला सावली मिळाली आणि माझ्या सासूबाईंना मिळत नाही.

मधे कुणीतरी गच्चीवरही पत्र्याची शेड टाकण्याची सूचना केली. त्याला परवानगी लागेल, वाऱ्यात ती टिकली पाहिजे आणि तापलेल्या पत्र्याखाली हवा खेळती नसेल तर त्रास वाढेल. सौर पॅनेलला माझा विरोध नाही. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार रुपये अनुदान आहे आणि पॅनेलची सावलीही पडते. फक्त क्रम चुकवू नका. आधी वॉटरप्रूफिंग आणि उष्णतारोधक थर, मग पॅनेलचे पाय. टॉवरच्या वेळी क्रम चुकला, तो आम्ही अजून भोगतो आहोत.

सातव्या मजल्यावरच्या बाराही घरांचं हेच म्हणणं आहे. बी-७०१ बंद असतं, मालक परदेशी आहेत, पण ते इथे असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. सी-७०२ च्या काकूंनी सही केली आहे. सहाव्या मजल्यावरच्याही दोन घरांना हे पटतं, मात्र त्यांनी नाव घालू नका असं सांगितलंय आणि मी ते घालत नाही. ग्रुपवर मी छताच्या तापमानाचा फोटो टाकला होता, तो ॲडमिननी काही मिनिटांत काढून टाकला. त्याच दिवशी ए-१०२ च्या नातवाच्या वाढदिवसाचे फोटो मात्र दिवसभर होते. लहान मुलाबद्दल माझ्या मनात काही नाही, पण नियम सगळ्यांना सारखा हवा.

तरी समितीने पुढील गोष्टी कराव्यात. या महिनाअखेरीआधी विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी आणि या कामासाठी दुरुस्ती निधीतून रक्कम मंजूर करावी. जूनचा पाऊस तोंडावर असल्याने काम एप्रिलमध्ये सुरू झालं तरच वेळेत होईल, कारण ओल्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंग धरत नाही. रक्कम एकदम नसेल, तर यंदा फक्त सी विंगचं काम घ्यावं. ऑडिटने तिचंच नाव घेतलं आहे. सभेला वेळ लागणार असेल, तर आम्ही सातव्या मजल्यावरचे सभासद तूर्त पांढरा लेप मारून घ्यायला आणि त्याचे पैसे पुढे टाकायला तयार आहोत. मात्र ते आमच्या मेंटेनन्समधून वळते करून देण्याचं लेखी आश्वासन हवं. आणि एप्रिलची समितीची बैठक माझ्या घरी, रात्री नऊ वाजता, एसी बंद ठेवून घ्यावी, ही माझी आग्रहाची विनंती आहे. ए-१०२ च्या सभासदांनाही बोलवावं. सरबत मी करीन.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर हेच पत्र सगळ्या कागदांसह मी बेलापूरच्या सहकारी संस्था निबंधक कार्यालयात देईन. ती वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं. वीस वर्षं आपण एकाच आवारात गणपती बसवतो आहोत.

येत्या रविवारी सकाळी ठेकेदार माप घ्यायला येणार आहे. गच्चीची चावी सचिवांकडे असते आणि ते नेमके त्या वेळी बाहेर असतात, म्हणून शनिवारी संध्याकाळी ती वॉचमनकडे ठेवावी व तशी नोंद गेटवरच्या रजिस्टरमध्ये करावी.

कळावे,

आपली विश्वासू,
सभासद, सदनिका क्र. सी-७०३